रुपीमावशीची चौथी

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मी निशिगंधा भोयर. माहेर कळंबचं, नोकरी उमरखेड तालुक्यातल्या हरिसिंग तांड्यावर. पहिली ते चौथीची शाळा, दोन खोल्या, एकतीस पोरं आणि शिकवायला मी एकटी. मग राग येणार नाही तर काय होईल?

पण ही गोष्ट माझी नाही. ही रुपीबाई आडेची आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई, गेली अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवते. सगळा तांडा तिला रुपीमावशी म्हणतो, मीही म्हणते. स्वयंपाकाची खोली चौथीच्या वर्गाला लागून आहे, मध्ये एक खिडकी. तिला ना दार आहे ना गज. मी वर्गात काही विचारलं आणि पोरं मख्खासारखी बसली की खिडकीतून उत्तर येतं. पानं अन्न कशी बनवतात, उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला कोणती दिशा, सगळं तिला पाठ. मी ओरडते, "मावशी, तुम्हाला विचारलं का?" ती म्हणते, "राह्यलं बाप्पा," आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच.

आमच्या तांड्यावर दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रक येतो. नवरा-बायको, भांडी, अंथरुणं, पोरंसोरं सगळी त्यात चढतात, ती होळीच्या आसपास परत येतात. चौथीचं पोर तर हमखास जातं. कारण नऊ-दहा वर्षांचं झालं की ते उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळायच्या कामाचं होतं. परत येतं तेव्हा अर्धं विसरलेलं असतं. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागतं, तिथे ते जातच नाही. संपली शाळा. दर वर्षी मी भांडते, दर वर्षी हरते.

यंदा जुलैमध्येच रुपीमावशीचा मुलगा राजकुमार शाळेत आला. त्याची मुलगी खुशी चौथीत. हुशार, बडबडी, अक्षर मोत्यासारखं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, खुशी दिवाळीपर्यंतच हाय. लहान्याले पाहाले कोणी नाही फडावर."

माझं डोकंच फिरलं. "अरे, चौथीचं वर्ष आहे तिचं!"

"असं काय असते हो चौथीत?" तो शांतपणे म्हणाला. मुद्दाम उद्धटपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता. "वाचता येते तिले. मोबाइल चालवते. अजून काय पाहिजे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "मी सांगतो काय असते ते."

राजकुमार हसला. "याडी, तुले काय माहीत? तू तं चौथीतूनच पळालती." याडी म्हणजे आई.

मावशी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मी चौथी देतो," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी पोराईसंग बसतो परीक्षेले. पास झालो तं खुशी माह्याजवळ राहीन. नापास झालो तं घेऊन जाय तिले, मी तोंड नाही उघडनार."

"खरंच?" राजकुमारने विचारलं.

"जीभ हाय का काय हाय माही? बोललो तं बोललो."

गोष्ट संध्याकाळी लालसिंग नाईकांपर्यंत गेली. तांड्यावर नाईकाचा शब्द शेवटचा. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे बैठक बसते, पुरुष पुढे, बायका मागे, आणि तिथे ठरलं ते ठरलं. लालसिंग नाईक पंचाहत्तरीचे, बोलायला कमी. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. चारही विषय द्यायचे. प्रत्येकात अर्ध्याच्या वर गुण. आणि पेपर मी तपासायचे नाहीत. "मॅडम रुपीच्या बाजूच्या हायेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पलीकडच्या गावचे मारोतराव गुर्जी तपासतीन."

बरोबरच होतं त्यांचं. मी बाजूची होतेच.

पण खरं सांगू? मी मनातून मावशीवर भयंकर चिडले होते. पोरीचं आयुष्य असं पणाला लावतात का? दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तास सुरू केला. मराठी उत्तम. वाचायला थोडी हळू, पण अर्थ असा सांगायची की मीच वही बाजूला ठेवायचे. परिसर अभ्यासात तर ती मलाच शिकवायची. किड्याचा जीवनक्रम चालला होता, अंडी, अळी, कोष, पतंग. मावशी एकदम उभी राहिली. "म्हनजे बोंडात अळी दिसते तोवर पतंग अंडे देऊन मोकळा झाला असते? मंग लोक अळी दिसल्यावर कायले धावतात फवारा घेऊन?" मी म्हटलं, मावशी, हा प्रश्न परीक्षेत नाही. ती म्हणाली, "वावरात हाय नं पन."

इंग्रजीत तिची बोबडी वळायची. 'माय नेम इज रुपीबाई' एवढं म्हणायला तिला घाम फुटायचा, आणि खुशी पोट धरून हसायची. तरी अक्षरं बसत गेली.

गाडी अडली ती गणितात. तोंडी विचारा, पटकन सांगायची. एकतीस पोरांना शंभर शंभर ग्रॅम तांदूळ, किती? "तीन किलो शंभर." डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण तेच कागदावर दिलं की सगळं चूक. एकही उत्तर बरोबर नाही. मी लाल पेनाने फुल्या मारत गेले. वहीची पानंच्या पानं लाल. पंधरा दिवसांनी माझ्या तोंडून निघालंच, "मावशी, तुमच्यानं नाही होणार हे."

ती भांडी घासायला निघून गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण माफी मागायचा शहाणपणा काही सुचला नाही.

ऑगस्टमध्ये मला उमरखेडला प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना मावशीला सांगितलं, "किती पोरं जेवली तो आकडा कागदावर लिहा, ममताच्या मोबाइलवरून फोटो पाठवा." ममता म्हणजे तिची सून, खुशीची आई. दुपारी फोटो आला. मी प्रशिक्षणाच्या खोलीत, समोर साहेब बोलतायत, मी नीट न बघताच तो आकडा जसाच्या तसा वर कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचते तोच तालुक्याच्या ऑफिसातून फोन. "भोयर मॅडम, तुमच्या शाळेचा पट एकतीस ना?"

"हो."

"मग काल एकशे अकरा पोरं कुठून जेवून गेली?"

कपाळ माझं! मी तो फोटो उघडून पाहिला. स्वच्छ, ठळक अक्षरात लिहिलेलं, १११. मी तडक स्वयंपाकाच्या खोलीत गेले आणि काय बोलले ते सगळं सांगत नाही. लाज वाटते. शेवट मात्र आठवतो. मी म्हटलं, "ऐंशी पोरं काय आभाळातून पडली का, मावशी?"

ती गोंधळून बघत राहिली. कागद हातात घेतला, पाहिला, आणि म्हणाली, "बरोबर तं लिवलं मॅडम. एक विसा नि अकरा."

मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसले.

तांड्यावरची जुनी माणसं विसांनी मोजतात. वीस म्हणजे एक विसा. साठ म्हणजे तीन विसा. एकतीस म्हणजे एक विसा नि अकरा. तिने जे तोंडाने म्हटलं तेच हाताने लिहिलं होतं, आधी एक, मग अकरा. मी खडू शोधला, जमिनीवरच सुरू केलं. "सदुसष्ट लिहा." ती पुटपुटली, "तीन विसा सात," आणि लिहिलं ३७. "पंचेचाळीस?" २५. "नव्वद?" ४१०. पंधरा दिवसांच्या लाल फुल्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. तिचा हिशेब कधीच चुकला नव्हता. लिहायची रीत वेगळी होती, एवढंच. आणि मी, डी.एड. झालेली बाई, तिला म्हणाले होते तुमच्यानं नाही होणार!

"मावशी, हे मला आधी काहून नाही सांगितलं?"

"मले कुठं माहीत होतं? आमच्या गुर्जीनं बी असंच लाल केलतं. आधी पाटीवर, मंग पाठीवर. मले वाटे मीच बयाड हाव, डोक्यानं कमी. म्हनून नाही गेलो मंग शाळेत." तिने पदराने नाक पुसलं. "उसावर गेलो. तिथं कोनी लिवाले नाही सांगत."

मी उठले आणि तिच्या पाया पडले. ती घाबरून मागे सरकली, झारा खाली पडला, दारात उभी पोरं फिदीफिदी हसली. हसू देत.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम काढला, की पोरांची पंगत दहाचीच बसवायची. तीन पंगती भरल्या आणि पियुष एकटा उरला. तो फुगला. "मी एकटाच काहून?" मावशी त्याला वाढत म्हणाली, "तू एकक हाय, बस गुमान." तीन पंगती, एक जण, एकतीस. मग तिनेच पुढचं रचलं. दहा पंगती उठल्या म्हणजे काय? लग्न. शंभर म्हणजे लग्न. आणि दहा लग्नांची माणसं एका जागी? जत्रा. झाले हजार. आठवड्याभरात माझी चौथीची सातही पोरं चार अंकी संख्या अशा वाचायला लागली की मला हसावं की वहीत लिहून ठेवावं कळेना. पोरांच्या वह्याही मी नव्याने पाहिल्या. त्यांच्यातल्या दोघांचे आकडे घरी आजीजवळ मोजून मोजून तसेच चुकत होते, आणि मी त्यांनाही ठोंबे म्हणत आले होते.

पहिल्या सत्राची परीक्षा आली. मावशी सकाळी पाचला उठून खिचडीची तयारी करून ठेवायची, मग हात धुऊन खुशीच्या बाकावर नाही, पार शेवटच्या बाकावर एकटी बसायची. गणिताच्या दिवशी राजकुमारही शाळेच्या कंपाउंडपाशी येऊन उभा होता. मी पर्यवेक्षक. एक अक्षर बोलायची सोय नाही. पाचवा प्रश्न होता, अंकांत लिहा, चार हजार सदुसष्ट. मावशीने ४ लिहिला आणि थांबली. पेन कागदावर टेकवलेलं, हलेना. मला दिसत होतं तिच्या ओठांवर काय येतंय ते. तीन विसा सात. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण माझा चेहरा पाहून तिला कळलं असतं.

मागून बारीक आवाज आला, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. "चार जत्रा. लग्न नाही. सहा पंगती. सात."

मी वळून पाहिलं. ४०६७.

मला ओरडावंसं वाटलं. मी नुसतं म्हटलं, "अर्धा तास राहिला."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे बैठक बसली. सगळा तांडा आला. ट्रक आदल्या दिवशीच येऊन उभा होता, निम्म्या घरांचं सामान बांधून तयार. मारोतराव गुरुजी मोटारसायकलवरून आले, पिशवीतून पेपर काढले, चष्मा पुसला. माणूस शिस्तीचा, उगाच एक गुणही देणार नाही असा. चाळीसपैकी गुण त्यांनी मोठ्याने वाचले. मराठी बत्तीस. परिसर अभ्यास छत्तीस. इंग्रजी एकवीस, यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ते थांबले, नाईकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणित एकोणतीस."

बायकांच्या बाजूने जो कल्ला उठला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असेल. ममता, जी सासऱ्या-दिरांपुढे कधी मान वर करत नाही, ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी रडत होते. सांगायला कसली लाज?

राजकुमार उठला. पडलेला चेहरा, पण आवाज खालीच. "याडी, तू जिंकली. खुशी राहीन. पन मले सांग आता, खरंच सांग. काय असते चौथीत?"

मावशी मागे बायकांत बसली होती. नाईकांनी हाताने खूण केली, "पुढं ये." ती पुढे आली. तांड्याच्या बैठकीत बाई पुढे येऊन बोलताना मी पहिल्यांदाच पाहिली.

"काय असते? आपलं वावर नकाशात कुठं हाय ते असते," ती म्हणाली. "अळी कुठून येते ते असते. प्यायचं पानी कसं घान होते, पोट काहून दुखते, ते असते. पन ते सोड. मी चाळीस वर्सं समजत होतो का मी बयाड हाव. आकडा माहा बरोबर होता रे राजू, फक्त मांडाची रीत मले कोनी सांगतली नव्हती. चौथीत मले समजलं का मी बयाड नव्हतो. हे समजाले मले चाळीस वर्सं लागले. खुशीले कायले लागू द्याचे?"

नाईक पुढे वाकले. मग म्हणाले, "रुपी, सोळा विसा नि सात. लिव."

खुशीने धावत जाऊन पाटी आणली. मावशीने जरा विचार केला. "सोळा विसा म्हनजे बत्तीस पंगती. म्हनजे तीन लग्नं, वर दोन पंगती, नि सात जन." तिने लिहिलं ३२७, आणि पाटी नाईकांपुढे धरली.

लालसिंग नाईकांनी पाटी हातात घेतली. बोटाने एकेक आकडा चाचपला. "मी एकशे सदुसष्ट लिवला असता," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पन्नास वर्सं मी असाच लिवत आलो. लोक हासत. मी समजो, शिकलेल्या लोकाईची खोड हाय ते." त्यांनी पाटी खुशीच्या हातात दिली आणि काठी टेकत उभे राहिले. "ऐका. चौथीचं लेकरू ट्रकात चढनार नाही. रुपीचंच नाही, कोनाचंच नाही. यंदा नाही, पुढच्या साली बी नाही."

गलका झाला. कोणी म्हणालं, धाकट्यांना कोण पाहणार? कोणी म्हणालं, पोरांना इथे जेवू कोण घालणार? नाईक ताडकन म्हणाले, "म्हातारे कायले हाओत आमी? बसून बिड्या फुकाले? धाकले बी ठेवून जा, मी पाहतो!" एवढं बोलून ते खाली बसले, आणि ठरलं ते ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला. राजकुमारने स्वतः खुशीचं गाठोडं वरून काढून खाली दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आईकडे पाहिलं आणि वर चढला. ममता मात्र मागच्या फळीवरून ओरडली, "मन लावून शिकजो!" त्यांच्या मागोमाग आणखी सहा घरांतून सहा गाठोडी खाली आली. धूळ उडवत ट्रक वळणावर गेला. चौथीची सातही पोरं रस्त्यावर उभी. कोणी रडत होतं, पियुष तर नाक वर करून हुंदके देत होता, खुशीने त्याचा हात धरला होता. रुपीमावशी त्यांच्यापुढे उभी राहिली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "झालं रडून? चला मंग, दुसऱ्या सत्राचं पुस्तक काढा. मॅडम, मी बी हाव नं?"

दिवाळीची सुट्टी संपायला अजून दहा दिवस होते. मी पर्समधून किल्ली काढली आणि वर्गाचं कुलूप उघडलं.